ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकसाठी भाड्याचा कॅम्पर ट्रेलर : नवख्यांसाठी मार्गदर्शन

मेलबर्न, ॲडलेड किंवा सिडनीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना चार-पाच वर्षांत किनाऱ्यालगतची बहुतेक ठिकाणे पाहून होतात आणि मग देशाच्या आतल्या ओसाड भागाची म्हणजे आउटबॅकची, फ्लिंडर्स रेंजेस, ऊडनडाटा ट्रॅक, गिब रिव्हर रोड अशा नावांची ओढ लागते. तेथे हॉटेले मोजकी, पेट्रोल पंप शे-दोनशे किलोमीटरवर आणि मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी शून्य. म्हणून निजायची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय बरोबर नेणारा कॅम्पर ट्रेलर सोयीचा ठरतो. तो विकत घ्यायचा तर हजारो डॉलर घालावे लागतात आणि वर्षाचे अकरा महिने तो अंगणात उभा करायला जागा लागते. पहिल्या काही सहलींसाठी भाड्याचा ट्रेलर घेणे हेच शहाणपणाचे आहे. मात्र बहुतेक नवखे लोक आधी छायाचित्रे पाहून ट्रेलर पसंत करतात, मग तो आपल्या गाडीला झेपेल का ते विचारतात आणि रस्त्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा हवा, म्हणजे आधी रस्ता, मग गाडी आणि मग ट्रेलर, आणि पुढची सारी मांडणी मी त्याच क्रमाने केली आहे.

रस्ता आणि हंगाम

पहिल्या सहलीसाठी दक्षिण ऑस्ट्रेलियातील इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यान निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲडलेडपासून उद्यानातील विल्पेना पाउंडपर्यंत सुमारे ४३० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, त्यामुळे ट्रेलर ओढण्याचा सराव सुरक्षित रस्त्यावर होतो, आणि उद्यानाच्या आत ब्राकिना गॉर्जसारखे कच्चे रस्ते आहेत, जेथे दगडगोटे, कोरडे ओढे आणि चढउतार यांची ओळख मदतीच्या टप्प्यात राहून होते. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला. जून-जुलैच्या रात्री कडाक्याच्या थंड असतात, पण उन्हाळ्यातील चाळीस अंशांपेक्षा त्या पुष्कळ बऱ्या. उद्यानाचा प्रवेश आणि तंबूची जागा ऑनलाइन आरक्षित करावी लागते.

दुसरी पायरी ऊडनडाटा ट्रॅकची. मरीपासून मार्लापर्यंत हा कच्चा रस्ता सुमारे ६१७ किलोमीटरचा आहे आणि मरी, विल्यम क्रीक, ऊडनडाटा, मार्ला ही इंधनाची ठिकाणे एकमेकांपासून साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आहेत. ॲलिस स्प्रिंग्सकडे जाणाऱ्या ज्या जुन्या 'घॅन' रेल्वेमार्गाला धरून हा रस्ता जातो, तो मार्ग १९८० साली बंद झाला. त्याचा ॲल्जेबकिना येथील ५७८ मीटर लांबीचा लोखंडी पूल अजून उभा आहे. या प्रदेशाशी आपला एक जुना धागाही आहे. १८६० साली दक्षिणेकडून उत्तरेकडे देश ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले कराचीहून आणले गेले, तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. पुढे मरी हे अशा उंटवाल्यांच्या वस्तीचे मोठे ठाणे झाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील गिब रिव्हर रोड, डर्बी ते कुनुनुरा असा सुमारे ६६० किलोमीटरचा, तिसऱ्या-चौथ्या सहलीसाठी ठेवावा, आणि तोही साधारण मे ते ऑक्टोबर या कोरड्या हंगामात. पावसाळ्यात नद्या भरून तो बंद होतो. सिम्पसन वाळवंटाचा मोह मात्र ट्रेलरसह धरू नये. तेथे वाळूची हजाराहून अधिक टेकाडे एकामागून एक ओलांडावी लागतात, ट्रेलरच्या ओझ्याने गाडीची चाके जागेवर फिरून चढाचा रस्ता खणला जातो, आणि भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या तेथे जायला करारातच मनाई करतात. या वाळवंटातील दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे उद्यान १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात उष्णतेमुळे बंदच असते.

रस्ता ठरला की परवानग्या पाहाव्यात. सिम्पसन किंवा काटी थांडा-लेक आयर उद्यानात जाण्यासाठी डेझर्ट पार्क्स पास लागतो, आदिवासी समाजाच्या मालकीच्या जमिनीतून जाणाऱ्या काही रस्त्यांसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो, आणि तो मिळायला काही दिवस लागू शकतात.

गाडीचा आणि वजनाचा हिशेब

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. शहरातील कंपन्यांकडून भाड्याने मिळणाऱ्या साध्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला आणि ट्रेलर ओढण्याला बहुधा बंदी असते. त्यामुळे गाडी स्वतःची हवी किंवा दोन्ही गोष्टींना लेखी परवानगी असलेली भाड्याची फोर-व्हील ड्राइव्ह हवी.

गाडीच्या पुस्तिकेतील पाच आकडे कागदावर उतरवून घ्यावेत : ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याची कमाल क्षमता, टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, पडू शकणारे कमाल वजन, भरलेल्या गाडीचे कमाल वजन म्हणजे जीव्हीएम, रिकाम्या गाडीचे वजन, आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन म्हणजे जीसीएम. विक्रेते पहिलाच आकडा मोठ्याने सांगतात. ३५०० किलो ओढण्याची क्षमता असलेली गाडी स्वतः पूर्ण भरली की जीसीएमच्या मर्यादेमुळे प्रत्यक्षात तितके ओढू शकत नाही, असे अनेक मॉडेलांच्या बाबतीत घडते. ट्रेलरच्या बाजूने दोन आकडे महत्त्वाचे : रिकामे वजन म्हणजे टेअर, आणि भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन म्हणजे एटीएम. दोन्ही आकडे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरील पट्टीवर कोरलेले असतात. जाहिरातीतला आकडा न धरता पट्टीचे छायाचित्र मागवावे.

एक हिशेब करून पाहू. ट्रेलरचे टेअर १३५० किलो आणि एटीएम १९०० किलो असेल तर ५५० किलो सामान भरता येते, आणि ऐकताना हे भरपूर वाटते. आता भरायला घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या सुमारे ३६, फ्रिज आणि शिधा ६०, सरपण ४०, खुर्च्या-टेबले आणि गाडी बाहेर काढण्याचे साहित्य ६०, कपडे आणि अंथरूण-पांघरूण ७०, बाजूचा मांडव २५, डिझेलचे दोन जेरीकॅन ४०. बेरीज ४३१ किलो झाली आणि ट्रेलर १७८१ किलोचा. त्यातील सुमारे दहा टक्के, म्हणजे १७८ किलो, टो बॉलवर पडतात आणि हे वजन गाडीच्या स्वतःच्या भारात धरावे लागते. गाडीत ६०० किलो भार (जीव्हीएम वजा रिकामे वजन) चालत असेल, चार माणसे २८० किलोची आणि डिकीत १०० किलो सामान असेल, तर बॉलचे वजन मिळवून ५५८ किलो होतात. उरलेले ४२ किलो बुल बार (गाडीपुढचा धातूचा संरक्षक दांडा) आणि छतावरील कॅरिअर लावलेल्या गाडीत आधीच संपलेले असतात. शंका असेल तर भरलेली गाडी आणि ट्रेलर सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन मोजावेत. खर्च थोडाच येतो आणि वाद मिटतो. मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ब्रेकचा नियम साधा आहे. ट्रेलरच्या चाकांवर पडणारे वजन ७५० किलोंच्या वर गेले की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. २००० किलोंच्या वर गेले की सर्व चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही लागते. कॅम्पर ट्रेलरना बहुधा इलेक्ट्रिक ब्रेक असतात, म्हणून गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवलेला हवा. तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा ही चौकशी आरक्षणाच्या आधीच करावी. त्याच वेळी ट्रेलरच्या दिव्यांना वीज देणारे गाडीचे सॉकेट सात पिनचे की बारा पिनचे, आणि ट्रेलरची बॅटरी चालता चालता चार्ज करण्यासाठी अँडरसन प्लग आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. ऑफ-रोड ट्रेलरचे कपलिंग, म्हणजे गाडीला जोडणारा सांधा, साध्या ५० मिलिमीटरच्या बॉलचे नसून सर्व दिशांना फिरणारे असू शकते. त्याची गाडीकडची बाजू कंपनी देते की आपण आणायची, हे आरक्षण करतानाच स्पष्ट व्हावे.

कोणता ट्रेलर

सॉफ्ट फ्लोर म्हणजे कापडी जमिनीचा ट्रेलर सर्वांत हलका आणि स्वस्त असतो, जागाही भरपूर देतो, पण तो उभारायला वेळ आणि दोन माणसे लागतात. एका जागी तीन-चार रात्री मुक्काम असेल तर तो उत्तम. फॉरवर्ड फोल्डचे झाकण पुढे उलगडते आणि टणक जमीन मिळते. लहान मुले असलेल्या कुटुंबाला तो सोयीचा, फक्त वजन बरेच वाढते. हायब्रिड म्हणजे छोटी टणक भिंतींची खोलीच. ती दहा मिनिटांत तयार होते, थंडी-वाऱ्यात ऊब देते, पण भाडे चढे आणि साध्या एसयूव्हीला ती झेपत नाही. रोज मुक्काम हलवणार असाल तर उभारणीचा वेळ हीच खरी कसोटी धरावी, कारण दिवसभर धूळ खाऊन आल्यावर अंधारात तंबूच्या काठ्या जुळवण्याने घरातल्या घरात कुरबुरी सुरू होतात.

करार वाचताना

'ऑफ-रोड' हा शब्द कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. एका कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ कोणताही सरकारी कच्चा रस्ता, तर दुसरीच्या लेखी केवळ ग्रेडरने सपाट केलेला रस्ता. म्हणून आपण जाणार त्या रस्त्यांची नावे ईमेलने कळवावीत आणि लेखी होकार घ्यावा. अनेक ट्रेलरना जीपीएस लावलेला असतो, त्यामुळे नंतर सबब चालत नाही.

विम्यात अपघाताच्या वेळी आपण भरायची रक्कम म्हणजे एक्सेस किती, आणि टायर, काचा, खालचा भाग, कापड, पाण्यातून जाताना झालेले नुकसान यांतील काय वगळले आहे, हे ओळ न ओळ वाचावे. आपल्या गाडीच्या विमा कंपनीलाही फोन करून भाड्याचा ट्रेलर जोडलेला असताना दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मिळते का, ते विचारावे. ट्रेलर वाटेत नादुरुस्त झाला तर तो परत आणण्याचा खर्च कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ करारांत 'भाडेकरूचा' असे असते, आणि विल्यम क्रीकसारख्या ठिकाणाहून तो खर्च सहज काही हजार डॉलरवर जातो. कच्च्या रस्त्यावरील वेगमर्यादा, सरपण छतावर ठेवण्याची मनाई, कुत्र्याला परवानगी, उशिरा परत केल्याचा दंड ही कलमेही पाहून ठेवावीत. परवान्याची अडचण सहसा येत नाही, साधा कार परवाना पुरतो, मात्र काही कंपन्या किमान वयाची अट घालतात.

ट्रेलर ताब्यात घेताना

यार्डात दोन तास राखून जावे आणि शक्यतो प्रवासाच्या आदल्या दिवशी जावे. कर्मचारी सराईत हाताने दहा मिनिटांत सारे दाखवून मोकळा होतो. तेवढ्यावर समाधान न मानता आपण स्वतः एकदा पूर्ण तंबू उभारून आणि परत घडी घालून दाखवावा. घडी घालणे हे उभारण्यापेक्षा अवघड असते. कापड आत खेचून घेतले नाही तर झाकणाच्या बिजागरीत चिमटते आणि तेथे फाटते, म्हणून कोणती बाजू आधी आत घ्यायची, हे मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. तंबूच्या सर्व चेन (झिप) लावून-उघडून पाहाव्यात. पंप चालू करून नळाला पाणी येते का, शेगडी पेटते का, फ्रिज बॅटरीवर गार होतो का आणि रबराची धूळरोधक पट्टी कोठे सुटली आहे का, हे तपासावे. टायरच्या बाजूंवरील चिरा, स्टेपनीतील हवा, जॅक आणि पान्याचे माप पाहावे. गाडीचा जॅक ट्रेलरखाली उंचीला पुरत नाही, असे बरेचदा आढळते. चारी बाजू, छत आणि खालचा भाग यांचे चित्रीकरण कर्मचाऱ्यासमोरच करावे.

जोडणीचा क्रम पाठ करावा. ट्रेलरचा हँडब्रेक ओढलेला असताना कपलिंग बसवावे आणि त्याची पिन लागली की नाही, हे पुढचे लहान चाक थोडे वर-खाली करून ओढून पाहावे. मग साखळ्या एकमेकींवरून तिरक्या लावाव्यात, म्हणजे कपलिंग निसटले तरी दांडा जमिनीला न टेकता साखळ्यांच्या झोळीत अडकतो. त्यानंतर आपत्कालीन ब्रेकची तार, मग विजेचे प्लग, मग लहान चाक पूर्ण वर घेऊन अडकवणे, आणि सर्वांत शेवटी हँडब्रेक सोडणे. एकाने गाडीत बसून ब्रेक आणि इंडिकेटर लावावेत आणि दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे पाहावेत. यार्डातून निघताच वीस किलोमीटरच्या वेगात ब्रेक कंट्रोलरचा जोर जुळवून घ्यावा.

मागे घेण्याचा सराव रिकाम्या मैदानात करावा. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरले तर हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला ट्रेलरचा मागचा भाग वळतो. थोडेच वळवावे, संथ जावे आणि ट्रेलर दुमडायला लागला की हट्ट न करता पुढे येऊन सरळ व्हावे.

बरोबर काय घ्यावे

पिण्याचे आणि स्वयंपाकाचे मिळून माणशी रोज दहा लिटर पाणी धरावे आणि त्यातील निदान वीस-तीस लिटर वेगळ्या कॅनमध्ये गाडीत ठेवावे. ट्रेलरची टाकी खालून दगड लागून फुटली तर तेवढा तरी आधार राहतो. इंधनाचा खप ट्रेलरमुळे साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढतो आणि वाळूत त्याहूनही जास्त.

शिध्याच्या बाबतीत आपला मराठी स्वयंपाक येथे फार उपयोगी पडतो. कुकरमुळे गॅस आणि पाणी दोन्ही वाचतात, डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट, सुकी चटणी, भाजणी यांना फ्रिज लागत नाही, आणि दुपारच्या मुक्कामाला थालीपीठ-लोणचे पुरते. ताज्या भाज्यांबाबत मात्र कायदा माहीत हवा. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर फळे आणि टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, वांगी यांसारख्या भाज्या आणायला मनाई आहे आणि दंड होतो. तेव्हा मेलबर्नहून निघताना त्या न घेता हद्द ओलांडल्यावर खरेदी कराव्यात आणि पावती जपावी.

संपर्कासाठी तीन साधने हवीत. आउटबॅकच्या गावांत सर्वाधिक आवाका टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचा आहे, तेव्हा एक सिम त्याचे असावे. दुसरे साधन यूएचएफ रेडिओ, म्हणजे जवळपासच्या गाड्यांशी बोलण्याचा दुतर्फी रेडिओ : महामार्गावरील ट्रकचालक ४० क्रमांकाच्या चॅनेलवर असतात, तर ५ आणि ३५ हे केवळ आणीबाणीसाठी राखीव आहेत. तिसरे साधन पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे खिशात मावणारे यंत्र. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे मोफत होते आणि ते भाड्यानेही मिळते. ते घेतल्याशिवाय फ्लिंडर्सच्या पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय रोजचा मार्ग आणि पोचण्याची वेळ घरच्या एका विश्वासू माणसाकडे लिहून द्यावी.

कच्च्या रस्त्यावर

पहिले पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळावेत. कच्चा रस्ता सुरू होताच टायरमधील हवा कमी करावी. खडीवर साधारण २६ ते ३० पीएसआय आणि मऊ वाळूत १६ ते २० पीएसआय, गाडी आणि ट्रेलर दोन्हींत, आणि त्याबरोबर वेगही उतरवावा. नेमका आकडा वजनावर ठरतो, म्हणून ट्रेलरपुरता कंपनीचा सल्ला घ्यावा. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर बरोबर लागतोच.

आउटबॅकच्या रस्त्यांवर पन्हळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे असतात आणि ट्रेलरचा नाश खड्ड्यांपेक्षा तेच जास्त करतात. तासन्तास चाललेल्या थरथरीने नट सैल होतात, वायरी तुटतात, फ्रिजचे दार उघडते आणि कपाटातील बरण्या फुटतात. दर मुक्कामाला चहाचे आधण ठेवण्यापूर्वी ट्रेलरभोवती एक फेरी मारावी. चाकाच्या मध्यभागी, हबजवळ, हाताची मागची बाजू न टेकवता नेऊन ऊब पाहावी. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर चिंता नाही. एक बाजू चटका देण्याइतकी तापली असेल तर बेअरिंग बिघडत आहे किंवा ब्रेक अडकला आहे, आणि तेथून पुढे शंभर किलोमीटर रेटण्यापेक्षा थांबणे बरे. चालताना गॅसच्या टाक्यांचे नॉब बंदच असावेत.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेला दगड ट्रेलरच्या टणक पुढच्या भागावर आपटून परत येतो आणि गाडीचीच मागची काच फोडतो. ट्रेलरला पुढे जाळीचे तिरके आवरण असेल तर दगड खाली वळतो. नसेल तर कंपनीकडून मागून घ्यावे किंवा मागच्या काचेवर जाड पुठ्ठा तरी चिकटवावा.

समोरून रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, आली तर वेग कमी करून डावीकडे सरकावे आणि धूळ बसेपर्यंत थांबावे. पन्नास मीटरहून लांब असा ट्रक आपल्या पुढे असेल तर त्याला मागे टाकण्याआधी रेडिओवर चालकाशी बोलावे. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्काम गाठावा, कारण तिन्हीसांजेला कांगारू आणि इमू रस्त्यावर येतात आणि ट्रेलर जोडलेली गाडी अचानक ब्रेक लावून सरळ थांबत नाही.

पाऊस पडला की मातीचे रस्ते बंद केले जातात. राज्य सरकारचा रस्त्यांच्या स्थितीचा अहवाल रोज सकाळी पाहावा. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड होतोच, शिवाय ओल्या चिकणमातीत पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे कित्येक आठवडे तेथील लोकांना सोसाव्या लागतात. म्हणून सहलीत दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि कंपनीला उशिराची कल्पना कशी द्यायची, ते आधी विचारून ठेवावे.

मुक्काम

दिसेल त्या मोकळ्या जागी तंबू ठोकता येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन बहुधा 'स्टेशन' म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण खासगी मळ्यांची असते. ऊडनडाटा ट्रॅकवरील कावर्ड स्प्रिंग्ससारखी अधिकृत ठिकाणे वापरावीत. वाटेतील फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, कारण वर कोठेतरी पडलेल्या पावसाचे पाणी रात्री येऊ शकते, आणि रेड गम झाडाखालीही करू नये, कारण त्याच्या फांद्या वारा नसतानाही तुटून पडतात. टोटल फायर बॅनच्या, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे आगीवर बंदी असलेल्या, दिवशी शेकोटी तर नाहीच, गॅसच्या शेगडीवरही निर्बंध असतात. त्या दिवसासाठी दशम्या किंवा गूळपोळ्या करून ठेवलेल्या बऱ्या.

परत करताना

शेवटच्या शहरात ट्रेलर धुऊन, टाक्या रिकाम्या करून आणि आतली धूळ झाडून न्यावा, नाहीतर सफाईचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. कापड ओले असताना घडी घातली असेल तर ते लपवू नये. दोन दिवसांत त्यावर बुरशी धरते आणि पूर्ण तंबू बदलण्याचा खर्च येतो. उलट यार्डात पोचताच सांगितले तर कर्मचारी तो तेथेच उघडून वाळत घालतात. कोठे काय ठोकर लागली, कोणता नट सैल होत होता, कोणता हब तापत होता, हेही त्यांना लेखी द्यावे आणि अनामत परत मिळाल्याची पावती हाती आल्यावरच सुरुवातीचे चित्रीकरण मोबाइलमधून काढून टाकावे.